बिग बँड काळातील बँडलीडरची कारकीर्द कशी अभ्यासावी

अमेरिकेत साधारण १९३५ ते १९४६ या काळात नाचाच्या संगीताचा कारभार मोठ्या बँडच्या हाती होता, आणि प्रत्येक बँड त्याच्या प्रमुखाच्या नावाने ओळखला जात होता. बेनी गुडमन, ड्यूक एलिंग्टन, काउंट बेसी, ग्लेन मिलर, आर्टी शॉ, जिमी लन्सफर्ड ही नावे ऐकलेला रसिक त्यांच्यापैकी एकाचा अभ्यास करायचे ठरवतो, तेव्हा तो बहुधा गाजलेल्या ध्वनिमुद्रिकांची यादी घेऊन बसतो. या यादीतून आनंद मिळतो, पण कारकीर्द समजत नाही. बँडलीडर हा वादक असला तरी त्याचे रोजचे काम पंधरा-सोळा माणसांना एकत्र ठेवण्याचे होते. त्यांचा आठवड्याचा पगार, बसचे भाडे, गणवेश, अरेंजरचे (कोणते वाद्य कधी काय वाजवेल हे ठरवून गाण्याची बांधणी, म्हणजे अरेंजमेंट, लिहून देणाऱ्याचे) मानधन, प्रत्येक वादकासाठी नोटेशनची प्रत उतरवून देणाऱ्याचे पैसे आणि बुकिंग एजन्सीचे कमिशन हे सगळे त्यालाच भागवावे लागे. म्हणून माझी पहिली सूचना अशी की अभ्यासाची सुरुवात बँडच्या मुक्कामांपासून करावी आणि ध्वनिमुद्रिकांकडे त्यानंतर वळावे.

सगळे आयुष्य एकदम हाती घेऊ नये. एक बँडलीडर आणि त्याचे एक वर्ष निवडावे. गुडमनसाठी १९३५, बेसीसाठी १९३६ किंवा १९३८, मिलरसाठी १९३९ आणि एलिंग्टनसाठी १९४१ ही वर्षे सुरुवातीला सोयीची आहेत, कारण त्या-त्या वर्षी त्या बँडचे काहीतरी निर्णायक घडले आणि त्यामुळे नोंदीही भरपूर मिळतात. वहीत किंवा संगणकावर एक तक्ता आखावा. तारीख, गाव व जागा, कामाचा प्रकार, त्या जागेवरून रेडिओ प्रक्षेपण होते की नाही, आणि त्या सुमारास बँडमध्ये कोण आले व कोण गेले, एवढे रकाने पुरेत. जे आठवडे रिकामे राहतील ते रिकामेच ठेवावेत, अंदाजाने भरू नयेत.

कामाचा प्रकार ओळखणे

तक्त्यातील सर्वांत महत्त्वाचा रकाना कामाच्या प्रकाराचा आहे. हॉटेलात किंवा बॉलरूममध्ये काही आठवड्यांचा सलग मुक्काम, एका रात्रीचा कार्यक्रम म्हणजे ‘वन-नाइटर’, चित्रपटगृहातील रंगमंचावरचे दिवसाला अनेक खेळ, आणि स्टुडिओतील ध्वनिमुद्रण, असे हे मुख्य प्रकार होते. त्यांचे अर्थकारण एकमेकांपेक्षा अगदी वेगळे होते आणि नवख्या अभ्यासकाची गल्लत बहुधा इथेच होते. एखाद्या नामांकित जागी बँडला दोन महिन्यांचा मुक्काम मिळाला की त्याचे उखळ पांढरे झाले, असे वाटते. प्रत्यक्षात अशा जागी मिळणारा मोबदला अनेकदा इतका बेताचा असे की बँडलीडर पदरमोड करून तो मुक्काम निभावत असे. त्याला हवी असे ती त्या जागेवरून निघणारी रेडिओची तार. रात्री उशिरा तिथले संगीत थेट देशभर ऐकू जाई, बँडचे नाव गावोगावी पोहोचे, आणि नंतर त्याच गावांतून वन-नाइटर करताना गर्दी जमून पैसे वसूल होत. मुक्कामात पेरायचे आणि रस्त्यावर कापणी करायची, असा हा व्यवहार होता.

ग्लेन मिलरचे उदाहरण या दृष्टीने पाहावे. त्याचा पहिला बँड १९३७ साली निघाला आणि १९३८ उजाडताच मोडला. दुसरा बँड त्याने १९३८ मध्येच उभा केला, पण त्याची घडी बसायला वर्ष जावे लागले. १९३९ च्या वसंतात न्यू जर्सीतील सीडर ग्रोव्ह येथील मेडोब्रुक आणि उन्हाळ्यात न्यू यॉर्कजवळच्या न्यू रोशेल येथील ग्लेन आयलंड कॅसिनो, असे लागोपाठ दोन मुक्काम त्याला मिळाले. दोन्ही जागी रेडिओची सोय होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एका सिगारेट कंपनीने त्याला सीबीएस या देशव्यापी रेडिओ जाळ्यावर आठवड्यातून तीन वेळा, पंधरा-पंधरा मिनिटांचा प्रायोजित कार्यक्रम दिला. हा क्रम तक्त्यात मांडला की त्याचे यश एका गाण्याने आलेले नाही हे उघड दिसते. ‘इन द मूड’चे ध्वनिमुद्रण १ ऑगस्ट १९३९ चे आहे, म्हणजे ग्लेन आयलंडचा मुक्काम चालू असतानाचे. ती तबकडी बाजारात आली तेव्हा बँडचे नाव हवेतून आधीच घरोघरी गेलेले होते.

गुडमनच्या बाबतीत रेडिओने केलेले काम त्याला स्वतःलाही वेळेवर कळले नव्हते. डिसेंबर १९३४ ते मे १९३५ या काळात एनबीसी या दुसऱ्या रेडिओ जाळ्यावर शनिवारी रात्री ‘लेट्स डान्स’ हा तीन तासांचा कार्यक्रम होई. त्यात तीन बँड आळीपाळीने वाजवत आणि अधिक झणझणीत संगीत गुडमनकडे असे. हा कार्यक्रम बंद पडल्यावर त्याने पश्चिमेकडे दौरा काढला. डेन्व्हरमध्ये लोकांना त्याचे संगीत रुचले नाही, त्यांना सौम्य, नेहमीची नाचाची गाणी हवी होती. बँड जवळजवळ हताश अवस्थेत लॉस एंजेलिसला पोहोचला, आणि २१ ऑगस्ट १९३५ रोजी पॅलोमार बॉलरूममध्ये, फ्लेचर हेंडरसनने रचलेल्या अरेंजमेंट सुरू होताच, श्रोते रंगमंचाभोवती गोळा झाले. याचे एक कारण घड्याळात आहे. न्यू यॉर्कमध्ये जे संगीत मध्यरात्रीनंतर वाजत होते, ते पॅसिफिक किनाऱ्यावर तीन तास आधीच्या वेळेला, तरुण जागे असताना ऐकू येत होते. म्हणून रेडिओच्या रकान्यात वेळ लिहिताना ती कोणत्या विभागातील घड्याळाची आहे हेही अवश्य लिहावे. मला स्वतःला पॅलोमारचा प्रसंग चमत्कार म्हणून सांगितलेला आवडत नाही. या साध्या हिशेबाने तो अधिकच विलक्षण वाटतो.

चित्रपटगृहातील काम दमवणारे पण रोख पैसे देणारे होते. मार्च १९३७ मध्ये गुडमनचा बँड न्यू यॉर्कच्या पॅरामाउंट थिएटरमध्ये सकाळपासून खेळ करत होता आणि रात्री हॉटेल पेनसिल्व्हेनियामध्ये नाचासाठी वाजवत होता. अशा आठवड्यात केलेले ध्वनिमुद्रण ऐकताना वादकांचे ओठ किती थकलेले असतील, याचा विचार तक्त्यामुळेच सुचतो.

नोंदी कुठे शोधाव्यात आणि किती विश्वास ठेवावा

मुक्कामांची माहिती मुख्यतः त्या काळच्या व्यावसायिक नियतकालिकांत सापडते. ‘व्हरायटी’, ‘बिलबोर्ड’, ‘मेट्रोनोम’ आणि १९३४ साली शिकागोत सुरू झालेले ‘डाउनबीट’ यांचे अनेक जुने अंक आज इंटरनेटवर चाळता येतात. कोणता बँड कुठे आहे याच्या याद्या त्यांत छापल्या जात. याद्या अंक छापण्याआधी मिळालेल्या माहितीवरून केलेल्या असल्यामुळे, जाहीर झालेला कार्यक्रम प्रत्यक्षात झाला का हे स्थानिक वर्तमानपत्रातील जाहिरात किंवा दुसऱ्या दिवशीची बातमी पाहून ताडून घ्यावे. ध्वनिमुद्रणांसाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील ग्रंथालयाने चालवलेली अमेरिकन ध्वनिमुद्रणांची सूची फार उपयोगी आहे. तबकडीचा क्रमांक किंवा मॅट्रिक्स क्रमांक टाकला की तारीख, शहर, टेक (त्याच गाण्याचे कितवे मुद्रण ते) आणि पुष्कळदा वादकांची नावेही मिळतात. मॅट्रिक्स क्रमांक ध्वनिमुद्रणाला दिलेला असतो आणि लेबलवरचा क्रमांक विक्रीसाठी असतो. एकच ध्वनिमुद्रण पुढे अनेक लेबलांवर निघत असल्याने तक्त्यात मॅट्रिक्स क्रमांकच नोंदवावा.

लोकप्रियतेच्या आकड्यांबाबत मात्र सावध राहावे. ‘बिलबोर्ड’ने दुकानांतील विक्रीवर आधारलेली देशव्यापी यादी २७ जुलै १९४० पासून छापायला सुरुवात केली. त्यामुळे १९३६ किंवा १९३८ मधील एखादी तबकडी इतके आठवडे पहिल्या क्रमांकावर होती असे विधान आढळले, तर ते नंतरच्या काळात वेगवेगळ्या साधनांवरून जुळवलेले आहे हे लक्षात ठेवून वाचावे. बँडलीडरांच्या आठवणींचेही तसेच आहे. त्या मोलाच्या असतात, पण चाळीस वर्षांनी सांगितलेल्या तारखा तक्त्याशी जुळत नसतील तर तक्त्यावर भरवसा ठेवावा.

छायाचित्रे दुर्लक्षू नयेत. विल्यम गॉटलीब यांनी १९३८ ते १९४८ या काळात काढलेली सुमारे १,६०० छायाचित्रे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि ती सर्वांना मोफत पाहता येतात. छायाचित्रातील खुर्च्या मोजाव्यात. १९३५ च्या सुमारास तीन ट्रम्पेट आणि दोन ट्रॉम्बोन दिसतील. दशकाच्या शेवटाकडे आणि नंतर खुर्च्या वाढत गेलेल्या दिसतील. प्रत्येक जादा खुर्ची म्हणजे आणखी एक पगार.

ऐकण्याची पद्धत

तक्ता थोडा भरला की ऐकायला बसावे, आणि ऐकताना एकल वादनाइतकेच लक्ष अरेंजमेंटकडे द्यावे. बँडकडे असलेल्या अरेंजमेंटच्या संचाला वादक ‘बुक’ म्हणत, आणि हा संच हीच बँडलीडरची खरी मालमत्ता होती. वादक सोडून जात, गायक स्वतःचे नशीब काढायला बाहेर पडत, पण बुक हाती असेल तर नवी माणसे घेऊन तोच आवाज पुन्हा उभा करता येई.

‘किंग पोर्टर स्टॉम्प’ ही जेली रोल मॉर्टनची रचना या कामासाठी उत्तम आहे. फ्लेचर हेंडरसनच्या बँडने ती १९२८ मध्ये आणि पुन्हा १९३२ मध्ये मुद्रित केली, आणि हेंडरसनचीच अरेंजमेंट घेऊन गुडमनने ती १ जुलै १९३५ रोजी मुद्रित केली. या तिन्ही ध्वनिमुद्रिका एका बैठकीत ऐकाव्यात. गुडमनच्या ध्वनिमुद्रिकेत आरंभी बनी बेरिगनचा तोंड दाबलेला ट्रम्पेट आहे. त्यावर लक्ष खिळते, आणि खिळू द्यावे. दुसऱ्या खेपेला फक्त सॅक्सोफोन ऐकावेत. चार माणसे एकाच श्वासाने एक वाक्य म्हणतात आणि त्याच ठिकाणी थांबतात, हे पंधरा-वीस सेकंद ऐकले तरी सरावाचे तास जाणवतात. तिसऱ्या खेपेला शेवटचा भाग पुन्हा लावावा. तिथे ब्रास वाद्ये, म्हणजे ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन, एक छोटा तुकडा फेकतात आणि सॅक्सोफोन त्याला उत्तर देतात, पुन्हा तुकडा, पुन्हा उत्तर, आणि ही देवघेव दर वेळी चढत जाते. आता हेंडरसनच्या स्वतःच्या बँडकडे परत यावे. विचार तोच आहे, वादकही थोर आहेत, पण वाजवण्यात अधिक मोकळीक आहे. गुडमनच्या बँडमध्ये तोच विचार घोटून, एकसारखा धारदार करून मांडला आहे. ज्याने ही भाषा घडवली त्या हेंडरसनला स्वतःचा बँड टिकवता आला नाही आणि १९३९ साली तो गुडमनकडे नोकरीला गेला. दोन कारकिर्दींचे हे नाते मला ऐकताना दर वेळी अस्वस्थ करते.

आवाजाची ओळख कशी घडवली गेली हेही कानाने शोधावे. मिलरने सॅक्सोफोनच्या वर क्लॅरिनेटला मुख्य स्वर दिला आणि त्यासाठी विल्बर श्वार्ट्झला घेतले. त्यामुळे रेडिओ लावल्यावर निवेदकाने नाव घेण्याआधीच बँड ओळखू येई. ‘इन द मूड’मध्ये शेवटी तोच तुकडा पुन्हा पुन्हा अधिकाधिक हळू आवाजात येत जातो, संपला असे वाटते, आणि मग एकदम जोरात येतो. ही युक्ती नाचणाऱ्यांना समोर ठेवून केलेली आहे. जो गार्लंडची ही रचना आर्टी शॉ मिलरच्या आधी रेडिओवर वाजवत होता, पण त्याची अरेंजमेंट तबकडीच्या एका बाजूवर मावण्याइतकी आटोपशीर नव्हती. दहा इंची तबकडीची बाजू सुमारे तीन मिनिटांत भरते. मिलरने कात्री लावली आणि ती रचना त्याची म्हणून जगभर झाली. म्हणून जिथे रेडिओ प्रक्षेपण आणि तबकडी अशी दोन्ही रूपे उपलब्ध असतील, तिथे दोन्ही ऐकून काय गाळले हे लिहून ठेवावे.

पैसा कोणाचा होता

यानंतर करारांकडे वळावे. बँडची मालकी कोणाकडे होती, हा प्रश्न प्रत्येक कारकिर्दीला विचारावा. कासा लोमा ऑर्केस्ट्रा ही वादकांच्या मालकीची कंपनी होती. वुडी हर्मनचा पहिला बँड १९३६ साली वादकांनी भागीदारीत काढला. हॅरी जेम्स १९३९ मध्ये गुडमनकडून बाहेर पडला, तेव्हा त्याच्या नव्या बँडमध्ये गुडमनचाच पैसा होता. एलिंग्टनची सुरुवातीची वर्षे व्यवस्थापक अर्व्हिंग मिल्सशिवाय समजत नाहीत. मिल्सने त्याला मोठे केले आणि त्याच्या रचनांच्या उत्पन्नात भागही घेतला.

काउंट बेसीचा करार या सगळ्यांत शिकण्यासारखा आहे. १९३६ मध्ये कॅन्सस सिटीतील रीनो क्लबमधून एका लहानशा प्रायोगिक केंद्रावरून होणारे त्याचे प्रक्षेपण नवे कलावंत हेरून त्यांची ध्वनिमुद्रणे करवणाऱ्या जॉन हॅमंडने शिकागोत मोटारीतल्या रेडिओवर ऐकले आणि बेसीचे दार उघडले. पण हॅमंडने आणलेला करार हाती पडण्याआधीच बेसीने डेका कंपनीशी सही केली होती. तबकडीच्या २४ बाजूंसाठी ७५० डॉलर, आणि विक्रीवर रॉयल्टी काहीही नाही. ‘वन ओ’क्लॉक जंप’ याच करारात मुद्रित झाली. ध्वनिमुद्रिका गाजली म्हणजे बँडलीडरला पैसे मिळाले असे समजू नये, हे या एका उदाहरणाने पुरेसे पटते. १९३८ च्या उन्हाळ्यात न्यू यॉर्कच्या ५२ व्या रस्त्यावरील फेमस डोअर या चिंचोळ्या क्लबमध्ये त्याचा बँड लागावा म्हणून बुकिंग एजन्सीच्या माणसाने मालकाला वातानुकूलनासाठी पैसे पुरवले, कारण तिथे सीबीएसची तार होती.

वर्णभेदाचा रकाना

कृष्णवर्णीय बँडलीडरचा तक्ता भरताना मुक्कामांच्या जागी मोठी पोकळी दिसेल आणि वन-नाइटरांची रांग लांब दिसेल. ज्या हॉटेलांत रेडिओची तार होती, त्यांतील बहुतेकांची दारे या बँडना बंद होती. त्यामुळे सारख्याच गुणवत्तेच्या दोन बँडपैकी एक महिनोन्महिने एका जागी राहून प्रक्षेपण करत असे आणि दुसरा रोज रात्री नव्या गावात, कुठे जेवायला आणि झोपायला मिळेल याची खात्री नसताना वाजवत असे. एलिंग्टनने दक्षिणेतील दौऱ्यांसाठी रेल्वेचे खास डबे घेतले, ते बँड त्यातच राहावा आणि अपमान टळावा म्हणून. हार्लेममधील सॅव्हॉय बॉलरूममध्ये काळे-गोरे एकत्र नाचत, आणि ११ मे १९३७ रोजी तिथे चिक वेबच्या बँडने गुडमनच्या बँडशी सामना करून बाजी मारली. स्त्रियांच्या बँडसाठीही असाच वेगळा रकाना लागतो. मिसिसिपीतील पायनी वूड्स शाळेत उभा राहिलेला इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ रिदम हा बँड उत्तम वाजवत असूनही त्याच्या तबकड्या फारच थोड्या आहेत.

१९४२ नंतरची शांतता

१ ऑगस्ट १९४२ पासून वादकांच्या संघटनेने, तिचे अध्यक्ष जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली, व्यापारी ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. डेकाने सप्टेंबर १९४३ मध्ये तडजोड केली, पण व्हिक्टर आणि कोलंबिया या बड्या कंपन्या नोव्हेंबर १९४४ पर्यंत नमल्या नाहीत. या काळात तबकड्यांची यादी रिकामी दिसली म्हणून बँड गप्प होते असे मानू नये. अर्ल हाइन्सच्या १९४३ मधील बँडमध्ये चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी आणि सारा व्हॉन एकत्र होते आणि त्या बँडची एकही व्यापारी तबकडी नाही. इतरांसाठी रेडिओ प्रक्षेपणांची जतन केलेली ध्वनिमुद्रणे आणि सैनिकांसाठी १९४३ पासून काढलेल्या व्ही-डिस्क शोधाव्यात.

उतरणीची कारणे शोधताना अभिरुची बदलली एवढ्यावर थांबू नये. पेट्रोल आणि टायर यांचे नियंत्रण, सैन्यात गेलेले वादक आणि राहिलेल्यांचे वाढलेले पगार हे सर्व तक्त्यात उमटते. एप्रिल १९४४ मध्ये नाच किंवा गाणे असलेल्या जागांवर ३० टक्के कर बसला, तो जुलैत २० टक्के झाला, पण राहिला. डिसेंबर १९४६ च्या सुमारास काही आठवड्यांतच गुडमन, हर्मन, जेम्स, टॉमी डॉर्सी, लेस ब्राउन आणि बेनी कार्टर यांनी बँड मोडले. त्यांतील कित्येकांनी पुन्हा उभे केले, म्हणून तक्त्यात ‘बँड मोडला’ असे लिहिताना पुढे जागा ठेवावी. बेसी १९५० मध्ये लहान संचावर आला आणि १९५२ पर्यंत पुन्हा मोठा बँड घेऊन रस्त्यावर होता. एलिंग्टनने मात्र १९७४ मध्ये मृत्यूपर्यंत बँड चालू ठेवला.

शेवटची नोंद बुकची करावी, म्हणजे अरेंजमेंटचे कागद आज कुठे आहेत याची. गुडमनचे येल विद्यापीठात आहेत, मिलरविषयीचा मोठा संग्रह कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील अभिलेखागारात आहे, आणि एलिंग्टनचे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेत. एलिंग्टनच्या हस्तलिखितांत ओळीच्या आरंभी पुष्कळदा वाद्याचे नाव नसून वादकाचे नाव असते. असे पान पाहायला मिळाले तर ते नाव तक्त्यातील त्या आठवड्याच्या वादकांशी लावून पाहावे. त्या संध्याकाळी त्या खुर्चीवर कोण बसले होते आणि तो स्वर कोणासाठी लिहिला होता, हे तिथे एकाच ओळीत सापडते.